पाटी नको, कुंपण हवे

महाराष्ट्रातल्या कुठल्याही बारा-चौदा मजली सोसायटीच्या ऑफिसातले कपाट उघडून पाहा. त्यात लिफ्टची फाईल असते, कारण लिफ्टला सरकारी परवाना लागतो आणि विद्युत निरीक्षकाची तपासणी लागते. मुंबई प्रांतात लिफ्टचा कायदा १९३९ साली झाला, त्याची जागा २०१७ च्या नव्या कायद्याने घेतली. शेजारी आगीची फाईल असते. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा ‘फॉर्म बी’ हा दाखला घेऊन तो अग्निशमन विभागाला द्यावा लागतो. आता जलतरण तलावाची फाईल मागा. तिच्यात क्लोरीनची बिले, देखभालीच्या कंत्राटाची प्रत आणि नियमांची यादी निघेल: टोपी घालावी, आधी शॉवर घ्यावा, पाहुण्यांना इतके शुल्क. एखादे तीन वर्षांचे मूल एकटे त्या पाण्यापर्यंत पोचू नये म्हणून काय केले आहे, हे सांगणारा कागद त्यात नसतो. तो कोणी मागत नाही, म्हणून कोणी करत नाही.

पुणे, ठाणे, नवी मुंबई, नाशिक इथे गेल्या वीस वर्षांत उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांत तलाव ही सर्वसाधारण सोय झाली आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात पहिले चित्र त्याचेच असते. लिफ्टसारखा, आगीसारखा स्वतंत्र कायदा मात्र या तलावांसाठी आपल्याकडे नाही. तो हवा, आणि त्याचे पहिले कलम कुंपणाचे हवे, असे माझे ठाम मत आहे. जीवरक्षक, सीसीटीव्ही, सूचनाफलक हे सगळे त्यानंतर.

कुंपण आधी का, हे समजायला मूल कसे बुडते ते माहीत पाहिजे. आपल्या डोळ्यांसमोर हात वर करून ‘वाचवा वाचवा’ ओरडणारा माणूस असतो. खरे बुडणे असे क्वचितच दिसते. तोंड जेमतेम पाण्याच्या वर येते, त्या क्षणात श्वास घ्यायचा की ओरडायचा एवढाच प्रश्न असतो आणि शरीर श्वास निवडते. हात वर जात नाहीत, ते आडवे पसरून पाणी दाबत राहतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. काठावरून चेंडू उचलायला ते वाकले की डोक्यावर पाण्यात जाते आणि स्वतःला पालथ्याचे उताणे करण्याइतकी ताकद त्याच्यात नसते. ना आरडाओरडा, ना मोठा आवाज. एका मिनिटाच्या आतबाहेर सगळे होऊन जाते, आणि प्राणवायू तुटल्यापासून चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा व्हायला लागते.

आता ‘आईबापांनी लक्ष द्यायला नको का?’ या प्रश्नाकडे येऊ. तलावात मूल बुडाल्याची बातमी आली की तिच्याखाली पहिली प्रतिक्रिया हीच असते, आणि सोसायटीच्या सभेतही विषय इथेच संपवला जातो. लक्ष द्यायलाच हवे, त्याबद्दल वाद नाही. पण अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि फ्लोरिडा या राज्यांतल्या लहान मुलांच्या अशा घटना तपासल्या तेव्हा काय आढळले ते पाहा. ७७ टक्के मुले पाच मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ नजरेआड झाली होती. ६९ टक्के मुले त्या वेळी तलावाजवळ असतील अशी घरातल्या कोणाची कल्पनाच नव्हती. ती घरात होती, अंगणात होती, खेळत होती. म्हणजे पोहायला नेलेल्या मुलाकडे दुर्लक्ष झाले अशी ही प्रकरणे बहुतांशी नाहीत. पोहण्याचा विषयच नसताना मूल चालत पाण्यापर्यंत गेले. दारावर कुरिअरवाला येतो, धाकट्याची लंगोट बदलायची असते, आजोबांना औषध द्यायचे असते. जगातल्या कुठल्याही घरात दिवसातून कितीतरी वेळा पाच मिनिटे अशी जातातच. जी पाच मिनिटे टाळता येणार नाहीत, त्यांवर मुलाचा जीव अवलंबून ठेवणारी व्यवस्था वाईट आहे. तिच्याबद्दल आईला दोष देणे हा तर अन्यायच.

जीवरक्षकाचेही तसेच आहे. तो असलाच पाहिजे, त्याला पोहता आणि वाचवता आलेच पाहिजे. पण त्याची वेळ सकाळी तीन-चार तास आणि संध्याकाळी तीन-चार तास. दुपारी, रात्री, आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी तलाव बंद असतो आणि पाणी मात्र तिथेच असते. त्या वेळात तिथे गेलेल्या मुलाला कोणी पाहणारे नाही. आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी तर जीवरक्षक म्हणजे क्लोरीन टाकणारा, जाळीने पाने काढणारा, खुर्च्या पुसणारा एकच मुलगा असतो. त्याने पाण्याकडे पाहायचे की पंपरूमकडे?

आता कुंपण म्हणजे नेमके काय. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने १९९२ साली जलतरण तलावांचा कायदा केला. तिथे घरगुती तलावाभोवतीचा अडथळा किमान १.२ मीटर उंच लागतो. खालून किंवा गजांमधून १०० मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही, कारण त्याहून मोठ्या फटीतून लहान मूल आत शिरू शकते. फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारे, सोडले की आपोआप मिटणारे आणि आपोआप कडी बसणारे हवे. कडी सुमारे दीड मीटर उंचीवर, म्हणजे मुलाचा हात पोचणार नाही अशी. कुंपणाला लागून कुंडी, बाक, झाड, नळाची तोटी असे पाय ठेवून चढता येईल असे काही नको. ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त खोल पाणी मावणाऱ्या, हवा भरून फुगवायच्या तलावालाही हाच नियम आहे. तलावांची सरकारी नोंद होते आणि तलाव असलेले घर विकताना किंवा भाड्याने देताना तलावाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. पाच वर्षांखालील मुलांचे बुडण्याचे प्रमाण ऑस्ट्रेलियात गेल्या काही दशकांत खूप खाली आले. कुंपणाचा कायदा हे त्याचे एकमेव कारण नसले तरी मोठे कारण आहे.

यातला सर्वांत महत्त्वाचा भाग फाटकाच्या स्प्रिंगचा नाही, चौथ्या बाजूचा आहे. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात दोन प्रकारच्या कुंपणांची तुलना आहे. एकात तीन बाजूंना कुंपण आणि चौथ्या बाजूला घराची भिंत व दार, दुसऱ्यात चारही बाजूंनी तलाव घरापासून वेगळा केलेला. चौबाजूंच्या कुंपणाने बुडण्याचा धोका तीन बाजूंच्या कुंपणाच्या तुलनेत साधारण सहाव्या हिश्श्यावर येतो. कारण उघड आहे. मूल बाहेरून येत नाही, ते घरातून येते.

हे वाचून आपल्या सोसायट्यांचे नकाशे आठवून पाहा. क्लबहाऊसचे काचेचे सरकते दार थेट तलावाच्या काठावर उघडते. एका बाजूला जिम, दुसऱ्या बाजूला पोडियमवरची घसरगुंडी आणि वाळूचा खड्डा. बिल्डरला सगळ्या सोयी एकाच मोकळ्या जागेत बसवायच्या असतात, म्हणून दोन वर्षांच्या मुलांची खेळण्याची जागा आणि चार-पाच फूट पाणी यांच्यामध्ये कधी गुडघाभर उंचीची मेंदीची रांग असते, कधी तेवढेही नसते. जिथे कुंपण आहे तिथे संध्याकाळच्या बॅचला ये-जा सोपी व्हावी म्हणून फाटकाला वीट लावून ठेवलेली असते. आडव्या पट्ट्यांचे शोभेचे रेलिंग तर मुलांसाठी शिडीच. हा वास्तुविशारदाच्या टेबलावर झालेला दोष आहे आणि तो तिथेच, नकाशा मंजूर होतानाच, अडवायला हवा.

कुंपणाने देखावा बिघडतो, असे बिल्डर आणि पुष्कळदा सभासदही म्हणतात. मला हा आक्षेप पटत नाही, तरी त्याला उत्तर आहे. टफन्ड काचेचे कुंपण नजरेला अडवत नाही, उभ्या गजांचे साधे कुंपण त्याहून स्वस्त पडते. लॉबीतल्या संगमरवराला आणि प्रवेशद्वारावरच्या कारंज्याला जो खर्च होतो, त्याच्या पुढे हा खर्च मोठा नाही. फ्रान्सने २००३ साली कायदा केला तेव्हा मालकाला चार पर्याय दिले: कुंपण, धोक्याची घंटा, सुरक्षित आच्छादन किंवा तलावावरचे छत. यांपैकी एक हवेच, नाहीतर ४५ हजार युरोपर्यंत दंड. असे पर्याय देण्याचा मार्ग आपल्यालाही घेता येईल, पण घंटेच्या बाबतीत माझा विरोध आहे. घंटा मूल पाण्यात पडल्यावर वाजते आणि ती ऐकून धावणारा कोणीतरी जवळ असावा लागतो. आपल्याकडे तर दोनदा उगाच वाजली की तिसऱ्या दिवशी तिची वायर काढून ठेवली जाते.

पाण्याच्या आतही धोके आहेत, आणि ते मोठ्यांनाही सोडत नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये बंगळूरच्या वर्तूर भागातल्या एका मोठ्या गृहसंकुलात शाळकरी मुलगी तलावात मृत्युमुखी पडली. विजेच्या धक्क्याने मृत्यू झाल्याचे न्यायवैद्यक तपासणीतून समोर आल्यावर पोलिसांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये रहिवासी संघटनेच्या अध्यक्षांसह सात जणांना अटक केली. पाण्याखालचे दिवे १२ व्होल्टवर चालणारे हवेत, त्यांचा ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून दूर हवा, सर्किटवर आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ३० मिलिअँपिअरला पोचताच पुरवठा तोडणारा स्विच हवा, शिडीपासून पंपापर्यंत प्रत्येक धातूच्या भागाचे अर्थिंग हवे. वीजतंत्र्यांना हे सगळे ठाऊक असते. प्रश्न असा की दिवा बदलताना, केबलचा जोड देताना हे कोण तपासतो? बहुतेक सोसायट्यांत कंत्राटदाराचा माणूस येतो, टेप गुंडाळतो आणि जातो.

तळातल्या मोरीचेही तसेच. पंप जोरात ओढत असताना मोरीवरची जाळी तुटलेली असेल तर केस, हात किंवा अंग तिथे चिकटते आणि मोठ्या माणसालाही सुटता येत नाही. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ साली अशीच दगावली. तिच्या आईने केलेल्या पाठपुराव्यातून २००७ मध्ये तिच्याच नावाचा संघीय कायदा झाला आणि सार्वजनिक तलावांना सुरक्षित जाळ्या सक्तीच्या झाल्या. दोन मोऱ्या एकमेकींपासून अंतर राखून ठेवल्या तर एक बंद झाली तरी सगळी ओढ तिच्यावर येत नाही. बाकी गोष्टी थोडक्यात सांगतो. पाणी इतके स्वच्छ हवे की काठावरून तळातली मोरी स्पष्ट दिसावी, कारण गढूळ पाण्यात तळाशी गेलेले मूल दिसत नाही. तलावातून ओसंडणारे पाणी जमा होते त्या बॅलन्सिंग टँकचे झाकण कुलूपबंद हवे. पंपरूममध्ये ॲसिड आणि क्लोरीनची पावडर वेगवेगळ्या जागी हवी, कारण ती एकत्र आली की विषारी वायू सुटतो आणि त्याचा पहिला बळी तिथला कामगार ठरतो.

सोसायट्यांइतकाच, किंबहुना जास्त, काळजीचा प्रश्न भाड्याच्या बंगल्यांचा आहे. लोणावळा, कर्जत, अलिबाग, इगतपुरी, पाचगणी, आणि गोव्यात तर गावोगावी. शनिवार-रविवारी तीन-चार कुटुंबे मिळून ‘प्रायव्हेट पूल’ असलेला बंगला घेतात. घर अनोळखी, तलावाची खोली अनोळखी, दिवाणखान्याचे दार थेट काठावर उघडणारे, सगळी मोठी माणसे स्वयंपाकात आणि गप्पांत, आणि कोणाचे मूल कोणाकडे आहे याची प्रत्येकाची समजूत वेगळी. जुलै २०२२ मध्ये लोणावळ्यात अशाच भाड्याच्या बंगल्यातल्या तलावात दोन वर्षांचा मुलगा बुडाला. अशा बातम्या त्याआधीही आल्या आणि नंतरही येत राहिल्या. गोव्याने २००८ पासून समुद्रकिनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक नेमले, ते चांगले काम करतात. त्याच किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या व्हिलाच्या तलावाला मात्र रखवालदाराखेरीज कोणी नाही. गोव्यात पर्यटकांना खोल्या देणाऱ्याला १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी करावी लागते. त्या नोंदणीला तलावाच्या कुंपणाची अट जोडणे सरकारच्या हातातले आहे. महाराष्ट्रानेही अशा बंगल्यांसाठी हीच अट घालावी: कुंपण नाही, तर भाड्याने देण्याची परवानगी नाही.

एक आक्षेप मात्र मी मनापासून गंभीरपणे घेतो. देशात माणसे बुडतात ती विहिरीत, नदीत, तळ्यात, शेततळ्यात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये बुडण्याच्या प्रतिबंधासाठी जे धोरण जाहीर केले, त्यात भारतात वर्षाला सुमारे ३८ हजार लोक बुडून मरतात असे म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात २०२१ मध्ये सुमारे तीन लाख लोक बुडाले, त्यांत जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले. या संख्येत सोसायटीच्या तलावांचा वाटा लहान असणार हे उघड आहे. मग श्रीमंतांच्या तलावांसाठी सरकारने कशाला वेळ घालवावा?

याची माझ्याकडे दोन उत्तरे आहेत. एक, त्या तलावात बुडणारे मूल श्रीमंताचेच असते असे नाही. सोसायटीत वॉचमनचे कुटुंब तळमजल्याच्या खोलीत राहते, घरकामाला येणारी बाई सुट्टीच्या दिवसांत मुलाला बरोबर आणते, माळ्याची मुले आवारात फिरतात. बांधकाम चालू असताना तलावाचा खड्डा पावसाच्या पाण्याने भरतो आणि पन्नास पावलांवर मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या असतात. त्या मुलांना पोहता येत नाही, त्यांच्या आया दिवसभर विटा वाहत असतात आणि त्या खड्ड्याला साधी चिंधीही आडवी बांधलेली नसते. म्हणून कुंपणाची अट भोगवटा प्रमाणपत्रापासून नव्हे, खड्डा खोदल्या दिवसापासून लागू व्हायला हवी.

दुसरे उत्तर असे की विहीर पाण्याच्या गरजेतून आली, नदी आधीपासून होती. सोसायटीचा तलाव मात्र कोणीतरी कागदावर काढला, कोणीतरी मंजूर केला, त्याचे पैसे सदनिकेच्या किमतीत वसूल केले. इतके हिशेबाने उभे केलेले पाणी दुसरे नाही. जिथे जबाबदार माणसाचे नाव कागदावर सापडते, तिथूनच सुरुवात करणे शक्य असते. आणि शेततळ्याच्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या उतारावरून घसरलेल्या मुलाला वर येता येत नाही, तिथेही कुंपण आणि काठाला बांधलेला दोर लागतोच. तलावासाठी केलेल्या नियमाने शेततळ्याचा नियम मागे पडणार नाही, उलट तो मागायला आधार मिळेल.

‘मुलांना पोहायला शिकवा, म्हणजे प्रश्न मिटला’ असेही म्हणतात. गावाकडे पाठीला भोपळा किंवा डबा बांधून मुलांना विहिरीत सोडायचे, आणि पंधरा दिवसांत मूल पोहायचे. ती परंपरा चांगलीच आहे, शहरात ती जिवंत ठेवायला हवी. पण ती सात-आठ वर्षांच्या मुलासाठी आहे. दीड-दोन वर्षांच्या मुलाला पोहायला शिकवून निश्चिंत होता येत नाही.

मग करायचे काय, तर महाराष्ट्राला यासाठी नवे खाते उघडावे लागणार नाही. मुंबईसाठी २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यासोबतची विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आहे, उरलेल्या बहुतेक राज्यासाठी डिसेंबर २०२० ची एकत्रित नियमावली आहे. दोन्हींत दुरुस्ती करून तलाव असलेल्या इमारतीला चारही बाजूंचे, ठरलेल्या मापाचे कुंपण असल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. जुन्या तलावांना दोन वर्षांची मुदत द्यावी. आगीच्या ‘फॉर्म बी’ सारखाच वर्षातून दोनदा तलावाचा दाखला घ्यावा: फाटक आपोआप मिटते का, कडी बसते का, आरसीसीबी तुटतो का, मोरीची जाळी शाबूत आहे का. दाखल्यावर तपासणाऱ्याची सही आणि सोसायटीने नेमलेल्या एका माणसाचे नाव असावे. ‘तलावाचा वापर स्वतःच्या जबाबदारीवर करावा’ या पाटीमागे लपता येणार नाही, हे समित्यांनीही समजून घ्यावे. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि पाटी लावली होती म्हणून तो निष्काळजीपणा पुसला जात नाही.

कायदा येईपर्यंत वाट पाहण्याचेही कारण नाही. बुडालेल्याला उलटे धरून पोट दाबणे हा वेळेचा घातक अपव्यय आहे. श्वास थांबला असेल तर लगेच तोंडाने श्वास आणि छातीवर दाब, दोन्ही द्यावे लागतात. बुडालेल्याच्या बाबतीत नुसता छातीवरचा दाब पुरत नाही, कारण त्याच्या शरीरात प्राणवायूच उरलेला नसतो. हे शिक्षण जीवरक्षकाइतकेच वॉचमनला, सफाई कामगाराला आणि समितीच्या सदस्यांना द्यावे, कारण दुपारी दोन वाजता जवळ तेच असतात. काठावर लांब बांबू आणि दोराला बांधलेले तरंगते कडे ठेवावे.

सहकार कायद्यानुसार वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी निघते. ती नोटीस निघण्याआधी चार-पाच सभासदांनी एका संध्याकाळी तलावाभोवती फेरी मारावी, फाटक सोडून पाहावे, कुंपणाला टेकलेल्या कुंड्या मोजाव्यात, क्लबहाऊसचे दार कुठे उघडते ते पाहावे, आणि जे आढळेल ते लेखी देऊन कुंपणाच्या खर्चाचा ठराव विषयपत्रिकेवर घ्यायला लावावा.